जीआय, पण कुठलं? ज्वारीच्या पानाची नोंद

मंगळवेढ्याच्या ज्वारीचं वेबपान या आठवड्यात मार्गी लागलं. सोलापुरी चादर आणि डाळिंबाची पानं आधीच झालीत. तिन्हींवर भौगोलिक मानांकनाची (जिओग्राफिकल इंडिकेशन, म्हणजे जीआय) पिवळी पट्टी हवी, म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, 'जीआय' नावाचा क्लास केला होता; हे नाव ज्याला द्यावं त्याला तेच रूप मिळतं. ज्वारीच्या पानावर कडक भाकरीच्या पोषणाचा तक्ता टाकला आणि ग्लायसेमिक इंडेक्सच्या (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचा आकडा, हाही जीआयच) रकान्यालाही सवयीने तेच नाव दिलं. पान उघडलं तर अख्खा रकाना पिवळा, प्रत्येक आकड्याभोवती मानांकनाची चौकट!

चूक सापडायला तासभर गेला, कारण दोन्ही 'जीआय' आपापल्या जागी बरोबरच होते. आता 'मानांकन-पट्टी' आणि 'ग्लायसेमिक-रकाना' अशी पूर्ण नावं घेतलीत, सगळी लहान रोमन अक्षरांत. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहिण्याच्या भाषेत, टॅगचं (मजकुराच्या तुकड्याला लावायच्या खुणेचं) नाव लहान-मोठ्या कुठल्याही अक्षरांत चालतं. क्लासच्या नावात तो फरक मोजला जातो, हे विसरून चालत नाही.

मजकुरातल्या 'जीआय'साठी 'एबीबीआर' हा लघुरूपाचा टॅग वापरलाय. माझ्या जुन्या पानांवर त्याच कामाचा 'अ‍ॅक्रोनिम' टॅगही होता, तो काढला. 1999 च्या एचटीएमएल 4.01 मध्ये दोन्ही होते; एबीबीआरला उदाहरण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं, अ‍ॅक्रोनिमला रडारचं. म्हणजे आपल्याकडे 'मनपा' शब्दासारखं वाचतो ते अ‍ॅक्रोनिम आणि 'एसटी' अक्षरं सुटी म्हणतो ते एबीबीआर, असं धरून मी कितीतरी पानं रंगवली होती. पण ही सीमारेषा कुणालाच नीट आखता येईना. 2014 च्या एचटीएमएल 5 ने अ‍ॅक्रोनिम बाद केला, आणि मला ते मनापासून पटलं. वाचणाऱ्याला उच्चाराशी काय करायचंय? एसटी म्हणजे लाल गाडी की अनुसूचित जमाती, एवढं त्याला कळलं पाहिजे.

एबीबीआरच्या 'टायटल'मध्ये, म्हणजे टॅगला जोडायच्या चिठ्ठीत, पूर्ण रूप लिहिलं की काम झालं, असं वाटलं होतं. आईला मोबाईलवर पान दाखवलं. तिने 'जीआय'वर दोनदा बोट टेकवलं, काहीच उघडलं नाही. माउस नेला की दिसणारी ती चिठ्ठी बोटाला दिसतच नाही. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'भौगोलिक मानांकन' उघडपणे लिहिलं, लघुरूप त्यानंतर. तक्त्याच्या मथळ्यात 'ग्लायसेमिक इंडेक्स' दोन ओळींत बसवलं. रकाना रुंद झाला, होऊ दे.

चादरीच्या पानावर कन्नड आणि तेलुगू नावं आहेत, त्यांना 'लँग'मध्ये, म्हणजे मजकुराची भाषा सांगायच्या जागी, केएन (कन्नड) आणि टीई (तेलुगू) द्यायचं राहिलंय. रविवारी तेवढं उरकतो.