खूण झाली, कूस राहिली

मंगळवार, रात्र

गाइडकडून बेडसोअर, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्याच्या माझ्या प्रोजेक्टचा प्रश्न पुन्हा परत आला. समासात एकच ओळ होती: "हे तर सगळ्यांना माहीत आहे. मग होत का नाही?" वाचून आधी हिरमोड झाला, पण तासाभराने पटलं की मी ही डॉक्टरेट याच प्रश्नासाठी निवडली आहे.

नर्सिंगमध्ये डॉक्टरेटच्या दोन वाटा आहेत. पीएचडी नवं ज्ञान शोधते. डीएनपी, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, सापडलेलं ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत का पोचत नाही हे शोधते आणि ते पोचवण्याची जबाबदारी घेते. ही पदवी रुजली अमेरिकेत. तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००४ मध्ये तिला पाठिंबा दिला. तिच्या २००६ च्या निकषांप्रमाणे नर्सिंगच्या पहिल्या पदवीनंतर किमान १,००० तास प्रत्यक्ष कामाचे भरावे लागत. मोठा प्रबंध नसतो, म्हणून काहींना ती हलकी डॉक्टरेट वाटते. मला हे मान्य नाही. प्रयोगात परिस्थिती बऱ्यापैकी आपल्या हातात ठेवता येते. वॉर्डात मात्र स्टाफ बदलत असतो, रुग्ण बदलत असतात, मध्येच कुणीतरी कोसळतं, आणि या सगळ्यात आपला बदल टिकवून दाखवायचा असतो.

माझा विषय बेडसोअर. २०१६ पासून अमेरिकी तज्ज्ञमंडळाने त्याला 'प्रेशर इंज्युरी' म्हणायला सुरुवात केली, पण वॉर्डात अजून बेडसोअरच म्हणतात. ते का होतात, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही सांगेल. हाडाच्या उंचवट्यावर सतत दाब पडला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि आतला भाग मरायला लागतो. जागाही ठरलेल्या आहेत: माकडहाडाच्या वरचा भाग, टाचा, खुबे. उपायही माहीत आहे. ठरावीक वेळाने कूस बदलायची, टाचा गादीवरून उचलून ठेवायच्या, त्वचा कोरडी राखायची, प्रथिनं पोटात जातात का ते बघायचं. तरीही रुग्ण ज्या आजारासाठी दाखल झाला तो बरा होतो आणि पाठीवर नवी जखम घेऊन तो घरी जातो. माणूस आपल्या भरवशावर असताना त्याला झालेली ही इजा आहे, त्यामुळे मला ती फार लागते.

गुरुवार

ब्रेडन स्केलवर पुन्हा बसले. १९८७ पासून वापरात असलेलं, बेडसोअरचा धोका सांगणारं हे मोजमाप सहा गोष्टी तपासतं: संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण. गुण ६ ते २३, जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली गेले की सावध व्हायचं. मी बघते त्या वॉर्डात हा आकडा जवळजवळ प्रत्येक कागदावर भरलेला असतो. कूस बदलल्याच्या खुणाही दर दोन तासांनी नीट ओळीत असतात. पण खाटेशी उभं राहून पाहिलं तर रुग्ण सकाळपासून त्याच अंगावर असतो.

यावर सोपं उत्तर लगेच मिळतं: स्टाफ आळशी आहे, समज द्या, प्रशिक्षण घ्या. ते मला पटत नाही. म्हणून मी कुणालाही "का केलं नाही?" असं विचारलं नाही. "करताना काय आडवं येतं?" असं विचारलं आणि नुसतं ऐकत गेले.

एक सिस्टर म्हणाली, "ताई, जड पेशंट एकटीने वळवला तर माझी कंबर जाते, आणि दुसरीला हाक मारावी तर ती इंजेक्शनं भरत असते." दुसरीला व्हेंटिलेटरची नळी निघण्याची भीती होती. रुग्ण सरकवायची घसरचादर स्टोअरमध्ये कुलपात होती आणि किल्ली एकाच व्यक्तीकडे. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कूस बदलायची ठरलेली वेळ आणि औषधांच्या फेरीची वेळ एकच होती. दोन्ही कामं त्याच बाईने, त्याच मिनिटाला करायची. औषध चुकलं तर लगेच जाब विचारला जातो. कूस चुकली तर दोन-तीन दिवसांनी टाच लाल दिसते, तेव्हा ड्युटीवर भलतंच कोणी असतं. कुठलं काम मागे पडणार, हे वेळापत्रकानेच ठरवून टाकलं होतं.

सावळ्या त्वचेवर तर ही लालीही पटकन दिसत नाही. तिथे हात लावून बघावं लागतं: जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार आहे का, कडक किंवा लिबलिबीत लागते का. हे मी प्रोजेक्टमध्ये ठळक घालणार आहे.

रविवार

आज लीडरशिपचं वाचन. हा विषय मला आधी जरा पोकळ वाटायचा, सगळी आकृत्यांची पानं. मग फ्लॉरेन्स नाइटिंगेलकडे वळले. तिच्या १८५९ च्या पुस्तकात व्यवस्थेवर एक आख्खं प्रकरण आहे. तिचं म्हणणं असं की आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही होईल अशी सोय लावता आली नाही, तर सगळी चांगली शुश्रूषा वाया जाऊ शकते. मला नेतृत्वाचा याहून नेमका अर्थ अजून कुठे सापडलेला नाही. मी स्वतः उत्तम कूस बदलू शकते, पण माझी ड्युटी संपते.

म्हणून प्रशासनाशी बोलायला शिकतेय. तिथे कळकळ पुरत नाही, आकडे लागतात. अमेरिकी नर्सिंग संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास मी सोबत ठेवते: शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळली. मनुष्यबळाकडे निव्वळ खर्च म्हणून बघणाऱ्यांसमोर हा आकडा ठेवावाच लागतो.

बुधवार

इनचार्ज सिस्टरनी होकार दिला, वॉर्डाच्या एका बाजूपुरता. कूस बदलायची वेळ औषधांच्या फेरीपासून एक तास पुढे सरकवायची. दोघींनी जोडीने फिरायचं. घसरचादर खाटेच्या पायथ्याशी टांगायची. चार्टवर खुणेऐवजी 'डावी', 'उजवी' किंवा 'पाठ' असं लिहायचं, म्हणजे पुढच्या पाळीला वाचून काहीतरी कळेल.

मोजणार तीन गोष्टी: अवचित पाहणीत रुग्ण खरंच वळवलेला आहे का, नव्या जखमा किती, आणि यामुळे औषधांना उशीर तर होत नाही ना. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका रुग्णाची पाठ वाचवताना दुसऱ्याचं अँटिबायोटिक लांबलं तर हा बदल मला नको आहे. नोंदी रन चार्टवर, म्हणजे काळाच्या क्रमाने बिंदू मांडायच्या आलेखावर, घालणार. सलग सहा बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी खरंच हललं असं धरायचं, त्याआधी घाई करायची नाही.

रात्रपाळीचं मात्र अजून सुटलेलं नाही. तेव्हा माणसं निम्मी असतात, जोडी जमत नाही, आणि नुकताच डोळा लागलेल्या रुग्णाला हलवायला मन धजत नाही. उद्या रात्रीच्या स्टाफबरोबर बसायचंय. त्यांच्या वाटची योजना मी कोरी ठेवली आहे, ती त्यांनीच लिहायची.