फुलपाखरांच्या उद्यानात आमचीच अळी

पोळा झाला, बैलांना अन् आम्हाला जरा उसंत मिळाली. तसा मुलांनी वनखात्याच्या उद्यानाचा हट्टच धरला. आमचं गाव वरूड तालुक्यातलं, घरचा संत्र्याचा बगीचा. "झाडंच पाह्याची तं वावरात काय कमी हायेत?" असं म्हणत का होईना, मामाजी, म्हणजे माझे सासरेही गाडीत बसले.

फुलपाखरं पाहायची तर ऊन चांगलं वर आल्यावर जावं. आम्ही सकाळीच पोचलो, त्यात आभाळ आलेलं. फुलपाखरांच्या भागात एक पंख हलेना. पोरं हिरमुसली, तेव्हा तिथल्या वनमजूर काकांनी त्यांना जंभेरी लिंबाच्या एका रोपापुढं उकिडवं बसवलं. पानावर पाखराची शीट पडावी तसं काहीतरी होतं. ती लहान अळी. शेजारी तिचीच मोठी, हिरवीगार बहीण. तिला काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दुफाटी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला.

"अरे, हे तं आपलीच अळी हाय!" मामाजी ओरडलेच.

खरंच आपलीच. नव्या कलमांची कोवळी पालवी फस्त करते म्हणून हिच्यावर आम्ही पंप घेऊन धावतो. इथं मात्र तिच्यासाठी मुद्दाम रोपं लावलेली, वर पाटी: 'अळ्यांना हात लावू नये'. काका म्हणाले, मोठ्या झाडाला ही फार काही करत नाही. नर्सरी आणि लहान कलमं तेवढी जपायची, तीही अळ्या वेचून. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबू-संत्र्याच्याच कुळातली पानं खातात म्हणे. त्यावर लेकीनं विचारलं, "आबाजी, मंग आपण राज्याच्या फुलपाखरावर फवारतो काय?" मामाजींनी पान पुडीतून काढून तोंडात टाकलं.

औषधी वनस्पतींच्या भागात हिरडा, बेहडा, आवळा भराभर झाले. बिब्याखाली पोरांना फिरकू दिलं नाही. त्याचा रस अंगाला लागला की फोड येतात. गुळवेलीपाशी मात्र सगळे अडले. पाटीवर तिचे गुण लिहिलेले, अन् आमच्या ह्यांचा चेहरा कडू. कारण फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेलीवरच वाढतात. पतंग रात्री बाहेरून येतो, पिकत्या संत्र्याला सोंड खुपसतो, भोकाभोवती फळ सडतं आणि गळतं. दिवसा कितीही फवारा, तो बगीच्यात नसतोच. आमच्या आंबिया बहाराची फळं तेव्हा झाडावरच होती, म्हणून हे जास्तच तळमळले. संध्याकाळी धूर करायचा, गळालेली फळं वेचून पुरायची आणि धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, गुळवेल काढायची, हेच आमच्याकडं करतात.

घरी आल्यापासून कलमांवरच्या अळ्या पोरं वेचतात आणि अंगणातल्या बेलावर नेऊन सोडतात. बेलाचा पाला त्यांना चालतो. बेल पार बोडका झाला तरी सासूबाई अजून काही बोलल्या नाहीत. श्रावण सरला ना!

गुळवेलीचं भांडण मात्र मिटलेलं नाही. ह्यांनी धुऱ्यावरची सगळी उपटली. मामाजींनी त्यातलंच एक कांड आणून घरामागच्या कडुलिंबाला लावलं. "तापाले कामी येते," म्हणतात. हे म्हणतात, पतंगाला घर ते बगीचा असं कितीसं अंतर?