सिन्नरच्या माळावरचा तांबडा चंद्र

७ सप्टेंबर २०२५चं खग्रास चंद्रग्रहण अंजनेरीच्या पायथ्याशी, अंधाऱ्या जागी टिपायचं, असं महिनाभर ठरलेलं. त्या दुपारी त्र्यंबककडे पाहिलं तर काळंकुट्ट! मित्र म्हणाला, "अरे, चंद्राला अंधार कशाला हवा? उघडं आभाळ बघ." खरंच होतं ते. घाटात कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येईतो विरतो, सिन्नर पर्जन्यछायेतलं. हवामान खात्याची उपग्रहचित्रं बघत पुणे रस्ता धरला. आईने वेध लागलेत म्हणून डबा दिला नाही, ढाब्यावर शेवभाजी.

माळावर ८० मिमीची दुर्बीण मांडली, ६०० मिमी नाभीय अंतराची. कॅमेऱ्यात चंद्र जेमतेम साडेपाच मिमीचा पडतो. ध्रुवतारा ढगात, मग दुर्बीण चंद्रामागे फिरवणाऱ्या मोटरच्या माउंटची (बैठकीची) दिशा लावायची कशी? नाशिकचा अक्षांश सुमारे २० अंश, तेवढा कल घरूनच देऊन नेला होता. उत्तर दिशा फोनच्या होकायंत्रावर घेतली, फोन लोखंडी तिवईपासून लांब धरून. एक-दोन सेकंदांच्या फोटोला तेवढं पुरतं.

फोकस मात्र स्पर्शाआधीच (चंद्राला सावली लागायला सुरुवात, ९.५७) चंद्रावरच्या टायको विवरावर साधून चिकटपट्टीने पक्का करा. नंतर ढगाच्या फटीत ते जमत नाही. भिंगावर दव धरतं. योगा मॅटची नळी करून दुर्बिणीच्या तोंडाला गुंडाळली.

साडेदहाला ढग आले. ११.०१चं संमीलन (चंद्र पूर्ण सावलीत शिरणं) गेलं, काहीच दिसलं नाही. मित्र गाडीत घोरायला लागला. साडेअकराच्या पुढे एकदम फट पडली आणि तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा चंद्र जवळजवळ डोक्यावर! धडाधड सहा फोटो काढले, सहाही काळे. शटर अजून पूर्ण चंद्राच्या १/४०० सेकंदावरच, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००! स्वतःला शिव्या घालत आयएसओ १६०० आणि एक सेकंद केलं. विरळ ढग आला की दोन सेकंद. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल हवीच, आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, नाहीतर कॅमेरा तो तांबडेपणाच धुऊन टाकतो.

चार मिनिटांत फट मिटली. तीन फोटो बरे आले. ग्रहणाच्या सगळ्या कलांच्या फोटोंची माळ करायचा बेत ढगाळ रात्री सोडूनच द्या. उन्मीलन (पूर्ण सावलीतून बाहेर यायला सुरुवात, १२.२३) दिसलं नाही, मोक्षाची (ग्रहण सुटण्याची) वाट न बघता आवरलं.

३१ डिसेंबर २०२८ला पुन्हा खग्रास आहे, ग्रहणाचा मध्य रात्री १०.२२च्या सुमारास. थंडीतलं आभाळ, ढगांची कटकट कमी. जोडीदाराला मात्र आत्ताच बांधून घ्या, थर्टीफर्स्ट आहे.