तुम्ही विचारलंत म्हणून: चौघांनी एका दिवसात मुंबई स्वस्तात कशी बघायची?

सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न हमखास येतो. पहाटेच्या गाडीने उतरायचं, रात्री परतायचं, बरोबर दोन मुलं. खर्च किती येईल, आणि काय काय बघून होईल?

आधी एक सांगते. मुंबईत बघण्याला फार पैसे पडत नाहीत. पैसे जातात ते टॅक्सीत, आणि भूक अनावर झाल्यावर समोर दिसेल तिथे खाण्यात. म्हणून ठिकाणांची यादी करून मग ती जोडायला गाड्या शोधू नका. रेल्वेची लाईन धरा आणि तिच्यावर जे येतं ते बघा.

वार नीट निवडा. सोमवारी घारापुरी (एलिफंटा) आणि कान्हेरी लेणी बंद. बुधवारी राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बंद. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी दिवसा काही तास ठरावीक मार्गांवरच्या लोकल बंद किंवा वळवलेल्या. शिवाय फोर्टातली बरीच खाण्याची ठिकाणं ऑफिसांबरोबर मिटलेली. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार किंवा शनिवार घ्या.

सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) उतरलात की सामान क्लोकरूमला टाका. बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच आणा. स्टेशनची इमारत १८८८ सालची. ती आतून नाही, रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने बघा. आतून ती कधीच पूर्ण नजरेत येत नाही.

न्याहारीला दहा-बारा मिनिटं चालत धोबीतलावला जा. तिथे कयानी हे १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे. ब्रून मस्का आणि चहा मागवा. ब्रूनचा पाव वरून कडक असतो, तसाच चावला तर टाळूला टोचतो. तो चहात बुडवून खायचा. कवच मऊ होतं, मस्का विरघळून चहावर तवंग येतो, आणि खरी चव तिथेच आहे. मुलांना मावा केक द्या.

पोट भरलं की पायी हुतात्मा चौक, तिथून ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक दगडकाम. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या गोलाकार सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एक पैसा न देता शहरात यापेक्षा मोठं काही बघायला मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढे काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी (अकराला उघडते, प्रवेश फुकट) आणि गेटवे. गेटवेवर फोटो काढणाऱ्याशी आधी दर आणि प्रतींची संख्या ठरवा. तो धडाधड दहा फोटो काढतो आणि नंतर दहाचेही पैसे मागतो. घारापुरीची बोट या दिवसात बसवू नका, तिच्यात अर्धा दिवस जातो.

परत येताना दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून चला. ऊन असो की पाऊस, डोक्यावर छप्पर राहतं.

जेवण माटुंग्याला. सीएसएमटीहून मध्य रेल्वेची स्लो लोकलच पकडा. फास्ट माटुंग्याला थांबत नाही. इंडिकेटरवर 'एस' म्हणजे स्लो. स्टेशनबाहेरच, पहिल्या मजल्यावर, रामा नायक यांचं १९४२ सालचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. (सोमवारी तेही बंद.) केळीच्या पानावर वाढलेलं पोटभर जेवण आणि मोजकं ताट, असे दोन प्रकार. लहान मुलांना ताट पुरतं, पानाचे पैसे वाया जातात. बाराच्या आत पोचलात तर रांग छोटी असते, पण त्यासाठी जहांगीर सोडावी लागते. रस्सम आधी नुसतं वाटीत मागा, भातावर नंतर.

त्याच लाईनवर माघारी भायखळा, म्हणजे राणीबाग. प्रौढांना ५० रुपये, पण आईवडील आणि दोन मुलं यांचं एकत्र तिकीट १०० रुपयांचं असतं. ते खिडकीवर तोंडाने मागा. पेंग्विन आहेतच, पण दुपारच्या उन्हात जुन्या झाडांची सावली जास्त मोलाची. चार वाजायच्या आधी आत शिरा.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. बेस्टच्या बसचं किमान भाडं माणशी १० रुपये, एसीला १२. काळ्यापिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरला ३१. म्हणजे भायखळा स्टेशन ते राणीबाग एवढ्या अंतराला, चौघांनाही पूर्ण तिकीट लागत असेल तर, बसपेक्षा टॅक्सीच स्वस्त. फक्त मीटर टाकायला लावा. दीड किलोमीटरपुढे मात्र हा फायदा झपाट्याने संपतो. आणि रिक्षा शोधू नका, शहराच्या या भागात त्यांना परवानगीच नाही.

लोकलचं ७५ रुपयांचं एक दिवसाचं टुरिस्ट तिकीट मिळतं. या बेतात ते घेऊ नका. सुट्या तिकिटांना पाच-दहा रुपयेच पडतात. ठाणे-बोरिवलीला पाहुण्यांकडे राहून तीन दिवस हिंडणार असाल तर ११५चं घ्या, ते वसूल होतं. तिकीट सेकंड क्लासचं असेल तर पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या डब्यात चढू नका. तो फर्स्ट क्लास. दंड किमान २५० रुपये, वर भाडं.

संध्याकाळी पाचनंतर भायखळ्याहून सीएसएमटीकडे जाणारी लोकल मोकळी मिळते, कारण गर्दी उलट्या दिशेला असते. तिथून चर्चगेटच्या बाजूने मरीन ड्राइव्हवर या आणि कठड्याकडेने चालत गिरगाव चौपाटी गाठा. भेळ, पावभाजी तिथेच. भाव पाटीवर वाचून मगच बसा, कारण खुर्ची पुढे करणारा भाव सांगत नाही. परतीची गाडी दादरहून असेल तर चौपाटीलगतच्या चर्नी रोडहून लोकल आहे, पण सामान सीएसएमटीला ठेवलंय हे विसरू नका; ते घेऊन तिथूनच दादर गाठा. लांबची गाडी साडेनऊनंतरची बघूनच आरक्षण करा. त्याआधीच्या लोकलमध्ये मुलं आणि बॅगा घेऊन चढता येत नाही.