आमची वाटचाल : ठाण्यातला व्हायोलिनचा वर्ग

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर वर्ग सुरू केला तेव्हा मला शिकवायची एकच पद्धत ठाऊक होती, माझ्या गुरुजींची. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनची एक बाजू डाव्या खांद्याशी टेकवायची आणि दुसरं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर ठेवायचं. वाद्याचा भार पायावर गेला की डावा हात मोकळा होतो, बोट तारेवरून हवं तितकं सरकवता येतं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघते ती त्यामुळे. गजाननराव जोशी, डी. के. दातार यांनी आपल्याकडे रुजवलेलं गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखं वाजणारं, व्हायोलिन या मींडेवरच उभं आहे.

पहिली काही वर्षं वर्गात यायची ती बहुतेक निवृत्त मंडळी. कुणी पेटी वाजवणारे, कुणी भजनी मंडळातले. स्वर कानात पक्के असल्याने त्यांना अलंकार, म्हणजे स्वरांचे सराव, आणि मग भूप, दुर्गा हे राग या वाटेने नेणं सोपं होतं. जागेचं भाडं सुटायचं, फार काही उरायचं नाही. मुलं मात्र टिकत नसत. तासभर मांडी घालून बसायला सात वर्षांचं पोर तयार नसतं आणि त्याने टीव्हीवर पाहिलेला प्रत्येक व्हायोलिनवाला उभाच असतो.

मग माझी सध्याची भागीदार आली. ती मडगावची, पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेली, उभं राहून, नोटेशन वाचून वाजवणारी. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून संगीत शिकवलं गेलं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोवेकर वादक मुंबईच्या सिनेसंगीतात आले, त्यामागे हीच परंपरा. तिच्या घरी सांगतात की त्या शाळांत व्हायोलिन हातात मिळण्याआधी सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी, गाऊन दाखवावं लागे. हे ऐकून मला हसूच आलं. माझे गुरुजीसुद्धा पलटा, म्हणजे सरावाची स्वररचना, आधी गाऊन घ्यायचे, मगच गजाला, म्हणजे तारांवर घासायच्या काठीला, हात लावू द्यायचे.

आम्ही एकत्र काम करू शकलो ते एवढ्या एका गोष्टीवर. बाकी सगळ्यात मतभेद. साधं वाद्य लावायचं म्हटलं तरी तिच्या तारा जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य स्वरांत. मी सा पेटीच्या पांढरी दोनवर, म्हणजे तिच्या डीवर, धरून प-सा-प-सा लावणार, म्हणजे तिची खर्जाची तार एक स्वर वर चढवायची आणि बारीक तार एक स्वर उतरवायची. एकच व्हायोलिन दिवसातून दोनदा असं ओढलं तर तारा तुटतात आणि खुंट्या सैल पडतात, म्हणून दोन्ही वर्गांची वाद्यं वेगळी ठेवली. सुरुवातीच्या दिवसांत तो खर्च चांगलाच जड गेला.

आठ वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही शिनिची सुझुकी या जपानी शिक्षकाच्या पद्धतीतलं बरंच घेतलं. मूल मातृभाषा ऐकून शिकतं तसंच वाद्य शिकू शकतं, हे त्यांचं म्हणणं. रोज घरी तीच धून ऐकवायची, नोटेशन पुढे ढकलायचं आणि पालकाने स्वतः वर्गात बसून थोडं वाजवायला शिकायचं. यातलं शेवटचं कलम ठाण्यात अवघड. आईवडील संध्याकाळी लोकलमध्ये असतात. त्यांच्या जागी आजी-आजोबा येऊ लागले. नातवंडाबरोबर गज धरायला शिकलेले दोन-तीन आजोबा पुढे माझ्या सकाळच्या बैठकीच्या वर्गात दाखल झाले आणि नातवंडांपेक्षा जास्त टिकले!

व्हायोलिनच्या पट्टीवर बोटांच्या जागा दाखवणारी टेप चिकटवायची की नाही, हा आमचा कायमचा वाद. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे बोट कुठे ठेवायचं हे नवख्याला दिसत नाही. ती म्हणते, मूल बेसूर वाजवत राहिलं तर तेच कानात बसेल, टेप हवीच. माझं मत असं की टेप दिसली की मूल बघायला लागतं आणि ऐकायचं थांबतं. सध्या फक्त पहिल्या बोटाच्या जागी एक टेप लावतो, तीही सूर सापडायला लागला की काढतो. मोठ्यांच्या वर्गात टेप नाहीच, तिथे तानपुरा चालू असतो.

परीक्षांचं विचाराल तर, पहिल्या वर्षी आम्ही कुणालाच बसवत नाही. हिंदुस्थानी संगीताच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला नाही आणि पाश्चात्त्य संगीताच्या, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षेलाही नाही. ‘सर, परीक्षेला कधी बसवताय?’ हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात येतो. परीक्षा वाईट नाहीत, पण गज सरळ चालायच्या आधी ठरावीक चार तुकडे घोटत बसलं तर मुलाला तेवढे चारच येतात. या नियमामुळे विद्यार्थी गेले, अजूनही जातात. फी बुडते, पण नियम बदललेला नाही.

वर्गाला खरा आधार मिळाला तो भाड्याच्या व्हायोलिनांचा. मूल वाढतं तसं वन एटथ, वन फोर्थ, हाफ, थ्री फोर्थ अशी वाद्यं बदलावी लागतात. फुल साइज साधारण अकरा-बाराव्या वर्षी येतो. दरवेळी नवं घेणं कुणालाच परवडत नाही, म्हणून लहान मापं आम्हीच ठेवतो आणि महिन्याच्या भाड्याने देतो. जूनमध्ये नवे वर्ग सुरू होतात. त्याआधी ऑनलाइन व्हायोलिन मागवू नका; मुलाला घेऊन या, हाताचं माप घेऊ आणि मगच आकार ठरवू.