फौजी आजोबांना आधी बुटांचं विचारा

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजींची काय कमी नाही, शिरोळ तालुक्यात तर एका गावाचं नावच सैनिक टाकळी. पण ७१ ला लढलेली मंडळी आता सत्तरी ओलांडून गेलीत, ६२ आणि ६५ वाली ऐंशीच्या घरात किंवा वर, आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. १५ ऑगस्टला शाल, नारळ, फोटो, झालं.

मी मोबाईलवर जमेल तसं करतोय. एक गोष्ट पक्की कळलीय, "लढाईत काय झालं?" असं विचारलं की माणूस बसल्याजागी अटेन्शनमध्ये जातो. डिसेंबर १९७१ मधली जमालपूरची लढाई घ्या, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली, आताच्या बांगलादेशातली. १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात, तिथं होती, आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी धाडली तर पाकिस्तानी कमांडरनं उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली. भारी किस्साय, पण तो पुस्तकात आहे की, तिथं नसलेलेबी सांगतात.

मग मी एका आजोबांना विचारलं, बूट कसले होते हो? खुर्चीत रेलून बसले एकदम. "बूट? अरं बाळा, दोन दोन दिस काढायलाच मिळायचं न्हाईत. मोजं भिजलं की पिळायचं आन् पोटाशी धरून झोपायचं, सकाळपतूर निम्मं वाळायचं." तिथनं शक्करपाऱ्यावर गेले, मग शेजारच्या खंदकातल्या पोरावर, आणि तो पोरगा परत आला नाही हे मी न विचारताच आलं.

घरच्यांना शक्यतो बाहेर बसवा, नाहीतर "बाबा, ते मेडलचं सांगा की" सुरू होतं. एकाच पलटणीतले दोघं मिळाले तर सोनंच, एकमेकाला खोडत बसतात आणि त्यातनंच खरं निघतं. मधेच हिंदीत घुसतात, घुसू दे. सालाचा घोळ झाला तर डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीची नोंद असलेलं पुस्तक, काढायला लावा.

आणि काकूंचं वेगळं रेकॉर्ड करा, कारण लढाई चालू असताना घरी पत्र येत नव्हतं तेव्हा काय चाललेलं हे काकांना माहीतच नसतं. माणसं कुठं शोधायची म्हणाल तर नोव्हेंबरात बँकेत जा, हयातीच्या दाखल्याला सगळे तिथंच असतात.