कडेचा हात

“कडेला हा कुणाचा तरी हात आला आहे, काढून टाकू का?” जुना फोटो स्कॅन करणाऱ्या मुलाने आज सहज विचारले आणि मला उत्तर सुचेना.

फोटो 1956 सालचा. आजी-आजोबा खुर्च्यांवर, मागे काका आणि बाबा, पुढे स्टुलावर जेमतेम वर्षाची आत्या. ही पाच माणसे मी लहानपणापासून भिंतीवर पाहत आले. पण फ्रेममधून काढल्यावर पुठ्ठ्याच्या पट्टीखाली दडलेला, आत्याच्या पाठीला आधार देणारा, बांगडी नसलेला हात पहिल्यांदाच दिसला.

घरी येऊन आईला विचारले. “तुझ्या आजोबांची बहीण. विधवा होत्या, फोटोत कशा बसणार?” एवढेच ती म्हणाली.

एकोणिसाव्या शतकात फोटो उमटायला काही सेकंद लागत, म्हणून तान्हे मूल हलू नये यासाठी त्याला धरून बसलेल्या आईवर युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंत चक्क कापड टाकत. तिथे निदान कॅमेऱ्याची अडचण होती. आमच्या घरी तीही नव्हती, आणि तरीही ज्यांनी मूल सावरले त्यांना वगळून काढलेला तो फोटो आम्ही ‘सगळं कुटुंब’ म्हणून पाहुण्यांना दाखवत राहिलो, याचे मला फार वाईट वाटले.

हात तसाच ठेवायला मी त्या मुलाला फोन करून सांगितले. मात्र मागे लिहायला त्यांचे नाव आईलाही आठवत नाही. सगळे त्यांना नुसते ‘ताई’ म्हणत.

तुमच्या घरच्या फ्रेमच्या पट्टीखाली कोण आहे, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?